न उतरणारा शीण

श्रमाने येणारा शीण आणि व्याधीने येणारा शीण यांत केवढे अंतर आहे, हे ज्याने केवळ पहिलाच भोगला आहे त्यास सांगून कळणे कठीण. महसूल खात्याच्या नोकरीत जमाबंदीच्या दिवसांत दप्तरांच्या गठ्ठ्यांपाशी मी रात्री जागविल्या, टंचाईच्या वर्षी साक्री-शिंदखेड्याकडे पंचनामे करीत वैशाखाचे ऊन डोक्यावर घेतले. परंतु तो शीण एका निद्रेने उतरत असे. पन्नाशी उलटल्यावर जो आला तो मात्र निद्रेनंतर अधिकच दाटून येई. प्रातःकाळी उठून बसण्यासाठीही निश्चय करावा लागे, आणि दुपारी फेरफाराच्या नोंदी वाचताना अक्षरे अशी विरत जात की समोर तिष्ठत असलेल्या खातेदारास आपले गाऱ्हाणे पुन्हा सांगावे लागे. कचेरीत याला आळस म्हणत, घरी वयोमान म्हणत. शिंदखेड्याहून आलेल्या आत्याबाईंनी मात्र “काय व्हयनं रे भाऊ तुले?” असे विचारून कपाळावर हात ठेवला, आणि दुसऱ्याच दिवशी मला रक्त तपासावयास धाडले.

दुसऱ्या प्रकारचा मधुमेह निघाला. डॉक्टरांनी मोठ्या ममतेने उलगडा केला. रक्तात साखर विपुल असते, पण इन्सुलिनच्या हुकुमास पेशी दाद देत नाहीत, म्हणून स्नायू भुकेले राहतात. खजिन्यात रक्कम पडून असावी आणि मंजुरीवाचून तगाई अडल्यामुळे कुणब्याची पेरणी खोळंबावी, तशी ही अवस्था. शिवाय ही साखर शंभर मिलिलिटर रक्तात सुमारे 180 मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडांना ती आवरत नाही. ती पाणी घेऊन बाहेर पडते, आणि तहान, रात्रीचे वारंवार उठणे व मोडलेली झोप यांची परंपरा सुरू होते. ज्या धुळ्यात उन्हाळ्यात निरोग्याचाही कंठ कोरडा पडतो, तेथे अशा देहाचे काय होत असेल ते निराळे सांगावयास नको.

पुढे सुश्रुतसंहितेचे भाषांतर वाचनात आले, आणि निदानस्थानातील मधुमेह्याचे वर्णन वाचून मी स्तब्ध झालो. चालण्यापेक्षा उभे राहणे, त्याहून बसणे, त्याहून आडवे होणे आणि अखेरीस निद्राच ज्यास प्रिय वाटते असा तो रोगी, म्हणजे साक्षात मीच होतो. ज्यास लोक स्वभावदोष म्हणत होते, त्याची गणना प्राचीन वैद्याने लक्षणांत करून ठेवली होती. त्या वाचनाने मनावरचे जे ओझे उतरले ते कोणत्याही औषधाने उतरले नसते. त्याच ग्रंथात निर्धन रोग्यास अनवाणी, छत्रीवाचून शंभर योजने चालण्यास सांगितले आहे.

मी पांझरेच्या काठाने पहाटे, ऊन तापण्यापूर्वी, चालू लागलो. पहिले काही आठवडे चालून आल्यावर शीण वाढलेलाच भासे. पण काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतो, हे डॉक्टरांचे सांगणे मी धरून राहिलो. जेवणानंतरही ओसरीवर थोड्या येरझारा घालतो. दादरची किंवा कळण्याची भाकरी आम्हां खानदेशी माणसांच्या रक्तातलीच, तीही आता मोजून. सोबत मेथी, वांगे, डाळ. कानबाईच्या सणात रोट भाऊबंदांनीच संपवावयाचे असतात, तेव्हा सौभाग्यवती माझ्या पानात प्रसादापुरता तुकडा ठेवते आणि उरलेला निःशब्दपणे मुलाकडे सरकवते. तिच्या या दक्षतेचे ऋण मोठे आहे.

साखर आटोक्यात आली तरी दोन वर्षांनी पायांना मुंग्या येऊन थकवा पुन्हा बळावला. मी मधुमेहासाठी घेत असलेले मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांत, विशेषतः शाकाहारी माणसांत, ब-12 जीवनसत्त्व घटू शकते. तपासणीत माझे तेच आढळले आणि इंजेक्शनांनी महिन्याभरात उतार पडला. थकव्याचा सारा दोष साखरेवर टाकून स्वस्थ बसू नये. रक्तक्षय, थायरॉईड, झोपेत श्वास अडणे हेही शोधावे लागते.

कचेरीतील एका तरुण तलाठ्याबद्दल हल्ली तीच जुनी तक्रार माझ्या कानी येते, की तो टेबलावर मान टाकतो, काम रेंगाळवतो. परवा तो घरी आला तेव्हा मी त्याच्या कामाचा विषय काढला नाही. “बाबा, रात्री किती वेळा उठावे लागते?” एवढेच विचारले, तो चमकून माझ्याकडे पाहू लागला, आणि सोमवारी उपाशीपोटी रक्त देण्यास माझ्याबरोबर येण्याचे त्याने कबूल केले.