गोरीचे 114 दिवस

10 जून, सावंतवाडी तालुका
कालपासून आमच्या गोरी डुकरिणीचं खाण्यात लक्ष नव्हतं. सारखी दारापाशी येऊन हुंकारत होती. आज सकाळी तिच्या कमरेवर दोन्ही हातांनी भार दिला, तर जागची हलली नाही. कान ताठ, पाय रोवलेले. म्हणजे पक्का माज. गोव्याहून थर्मासमधून वीर्याच्या बाटल्या आणून ठेवल्याच होत्या. गाई-म्हशींचं वीर्य गोठवून ठेवतात, तसं डुकराच्या बाबतीत फारसं जमत नाही. ते 17 अंशांच्या आसपास जपावं लागतं; घरच्या फ्रीजच्या गारठ्यात ते मरतं. नळीचं टोक मळसूत्री असतं. ते डावीकडे फिरवत आत घेतलं आणि अडकल्यावर बाटली उलटी धरली. दाबायची घाई केली नाही. कमरेवर हात ठेवून उभा राहिलो, गोरी आपसूक ओढून घेत गेली. दुसरी मात्रा उद्या सकाळी.
कॅलेंडरवर दोन खुणा केल्या : माज परततो का ते बघायला 1 जुलै, आणि 114 दिवसांनी विण्याची तारीख म्हणून 2 ऑक्टोबर.

1 जुलै
आज 21 दिवस झाले. गाभ राहिला नसता, तर माज परतला असता. सकाळ-संध्याकाळ कमरेवर हात दाबून पाहिला. दोन्ही वेळा ओरडून पुढे पळाली. गाभण आहे असं आता धरून चालू. कोंडा, मका, शेंगदाणा पेंड आणि थोडी सुकट मिळून दिवसाला दोन-सव्वादोन किलो पुरे. गाभणपणी चरबी चढली की विताना त्रास होतो आणि पुढे दूधही कमी पडतं.
बाहेर धो धो पाऊस. तरी गोरीने विधीसाठी धरलेला कोपरा सोडलेला नाही. झोपायची जागा एका टोकाला आणि शेण-मूत दुसऱ्या टोकाला, हे तिला कोणी शिकवलेलं नाही. डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही, म्हणून उन्हाळ्यात अंग थंड करायला ते ओल शोधतं. पाणी दिलं तर पाण्यात बसतं, नाही दिलं तर मिळेल त्या चिखलात. दाटीवाटीने कोंडायचं, पाणी तोडायचं आणि वर त्यालाच घाणेरडं म्हणायचं, हा सरळ अन्याय आहे. पिढ्यान् पिढ्या हे जनावर सांभाळणाऱ्या कैकाडी-वडार घरांवरही आपण तोच शिक्का मारला.

14 ऑगस्ट
एक जण हॉटेलचं उरलेलं अन्न पिंपात भरून स्वस्तात द्यायला आला होता. परत पाठवला. 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीव्हर शिरला आणि ईशान्येत घरोघरी पाळलेली डुकरं गेली. त्याच्यावर औषध नाही. माणसाला तो होत नाही, पण माणसाच्या चपलेवरून, गाडीच्या चाकावरून आणि उष्ट्यातल्या मांसाच्या तुकड्यातून तो डुकरांपर्यंत पोचतो. ज्यांना उष्ट्याशिवाय परवडत नाही, त्यांनी ते निदान अर्धा तास खळखळून उकळावं. आमच्या दारात चुन्याचं टोपलं आहे. पाहुणा कितीही मोठा असला तरी चप्पल बाहेर.

25 सप्टेंबर
सकाळी गोरीला साबणाने धुतलं, कास आणि खूर घासून काढले. जंताचं औषध आधीच पाजलं होतं. ती विण्याच्या खोलीत गेली. तिथे भिंतीपासून आणि जमिनीपासून प्रत्येकी वीतभर अंतर सोडून लोखंडी पाइप बसवला आहे. दोनशे किलोच्या आसपासची आई टेकते, तेव्हा सव्वा किलोचं पिल्लू निसटायला तेवढीच फट लागते.

3 ऑक्टोबर
काल दुपारपासून पेंढा तोंडात धरून कोपऱ्यात रचत होती. संध्याकाळी सड पिळला तर चिकाची धार आली. शेजारच्या मावशी डोकावून म्हणाल्या, "आज रातीकच व्यातली ही." रात्री दहाच्या सुमारास पहिलं पिल्लू आलं. मग साधारण वीस-वीस मिनिटांनी एकेक. नाका-तोंडातला चिकटा गोणपाटाने पुसायचा, नाळ दोन बोटं ठेवून कापायची, आयोडीन लावायचं आणि लगेच सडाला लावायचं. डुकरिणीच्या वारेतून रोगप्रतिकारशक्ती पिल्लात उतरत नाही. ती सगळी चिकातून मिळते, आणि पिल्लाचं आतडं ती एखादा दिवसच शोषून घेतं. म्हणून अशक्त पिल्लाला हाताने धरून पाजलं.
दोनच्या पुढे जार पडली. ती लगेच उचलून पुरली. अकरा जिवंत, एक मेलेलं.
पहाटे गोरी कूस बदलायला उठली आणि भिंतीकडे धप्पकन टेकली. एक चिरकी किंकाळी. उडी मारून आत गेलो, तर पिल्लू पाइपाखालून सरपटत दिव्याकडे निघालं होतं. पिल्लांना 32-34 अंशांची ऊब लागते आणि आईला तेवढ्यात धाप लागते. म्हणून बल्ब कोपऱ्यात टांगलेला, आणि तिथे आईला जाता येत नाही.

6 ऑक्टोबर
आज सगळ्यांना लोहाचं इंजेक्शन. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात जेमतेम 40-50 मिलिग्रॅम लोह असतं. रोजची गरज सातेक मिलिग्रॅमची, आणि आईच्या दुधातून मिळतं एखादं. रानात ते माती उकरून मिळवतात. आमच्या सिमेंटच्या जमिनीवर ते कुठून मिळणार? हे इंजेक्शन चुकलं की तिसऱ्या आठवड्यात पिल्लं पांढरीफटक पडतात.
पाजणं बघत बसलो. गोरी आडवी होऊन संथ हुंकारते, पिल्लं आपापला सड धरून थोबाडाने कास ढुसतात. एकाएकी हुंकार भरभर येऊ लागतात आणि सगळी पिल्लं एकदम गप्प होतात. दूध उतरतं ते जेमतेम वीस सेकंद; मग साधारण तासाभराने पुन्हा. त्या वीस सेकंदांत सड तोंडात नसलेलं पिल्लू उपाशीच राहतं. पुढच्या सडांना दूध जास्त म्हणून दोन दांडगी पिल्लं तिथे. सर्वांत लहान शेवटी. त्याच्यावर रोज नजर ठेवणार.

18 नोव्हेंबर
काल दूध तोडलं. दहा पिल्लं, सरासरी नऊ किलो. शेवटच्या सडावरचं दुसऱ्या आठवड्यात हगवणीने गेलं. ताप नव्हता, पण सलाइन देऊनही वाचलं नाही. जीव हळहळला. पिल्लांना क्लासिकल (आफ्रिकन नव्हे) स्वाइन फीव्हरची लस टोचायची आहे, त्याआधी एकही विकणार नाही.
संध्याकाळी दोन तरुण चौकशीला आले. राष्ट्रीय पशुधन अभियानात 50 माद्या आणि 5 नरांच्या गटाला भांडवलाच्या निम्मं अनुदान मिळतं, एवढं ऐकून प्रकल्प-अहवाल करून घ्यायला निघालेले. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो. योजना चांगली आहे, पण विणारी डुकरीण रात्री दोन वाजता अनुदान बघत नाही, माणूस बघते. आधी दोन माद्या आणा. त्यांचा माज ओळखा, वेत स्वतःच्या हाताने काढा, पहिले तीन दिवस खोली सोडू नका, आणि प्रत्येक तारीख वहीत लिहा. एक वर्ष हे जमलं, तरच पन्नासांचा विचार करा.