परदेशातील कढत चहा
सुंठ-वेलची घालून उकळलेल्या चहाची सवय असलेल्या नागपूरकरांचा लंडनच्या हॉटेलात प्रथम हिरमोडच होतो: किटली, चहाची पुडी आणि थंड दूध! तरी किटली असणे हेच भाग्य. अमेरिकेत खोलीत बहुधा कॉफीचे यंत्र असते. त्यातील पाणी पुरते उकळत नाही. उकळलेल्याच पाण्याचा नियम असणाऱ्यांची तेथे खरी पंचाईत. किटलीही पहिल्या उकळीलाच बंद होते. तीन उकळ्यांसाठी ती पुन्हा पुन्हा लावावी लागते.

चौविहार पाळणाऱ्यांनी घड्याळही पाहावे. डिसेंबरात नागपूरला सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास, तर लंडनला चारच्या आत होतो. म्हणजे समारंभातील चार वाजताचा चहा सूर्यास्तानंतरचा! यजमानांना आदल्या दिवशीच सांगून तीन वाजता उकळते पाणी मागवावे. सुंठपूड मात्र घरूनच न्यावी.