जिथलं तिथं

काही वर्षांपूर्वी पावसाळा सरताना आम्ही मुळशी तालुक्यातील एका देवराईत गेलो होतो. चहासाठी वाळकी फांदी उचलताच सोबतच्या आजी कळवळून म्हणाल्या, "लेकरांनो, ते आईचं हाय. जिथलं तिथं ठिवा." आम्ही फांदी ठेवली, पण मनात हसलो. अंधश्रद्धा, दुसरे काय?

परतताना ते हसू आम्हांलाच बोचू लागले. एदेन बागेतील एका झाडाचे फळ खाऊ नये, ही आज्ञा आपण लहानपणापासून श्रद्धेने वाचतो. तिथली मर्यादा धर्म आणि इथली भाबडेपणा, हा न्याय कोणता? वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा भोवतालचे रान तुटले तरी देवाच्या धाकाने राई टिकल्याचे त्यांना दिसले.

तरीही गोष्ट इतकी सरळ नाही. देवाचा कौल घेऊन त्याच्याच मंदिरासाठी राई तोडल्याचेही ऐकिवात येते. आणि याच खोऱ्यातील मावळ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांसह सत्याग्रह केला, तरी त्यांची गावे टाटांच्या धरणाखाली गेलीच. राईला मिळालेले अभय माणसांना मिळाले नाही.

आजींची नात महाविद्यालयात शिकते. तिने स्वतःची एक कथा आम्हांला सांगितली होती. शंभर वर्षांनी धरण आटते, बुडालेल्या गावांचे देव चिखलातून वर येतात आणि एकच विचारतात, "बियाणं राखलंय का?" अमेरिकेतील मूळ रहिवाशांचे लेखकही पूर्वजांच्या कथा अशाच भविष्याकडे वळवतात, ग्रेस डिलन यांनी २०१२ मध्ये अशा लेखनाचा संग्रह प्रसिद्ध केला.

आमची श्रद्धा ख्रिस्तावर आहे. ती त्या राईत ढळली नाही. परंतु पोप फ्रान्सिस यांनीही २०२० मध्ये ॲमेझॉनविषयीच्या पत्रात, आध्यात्मिक आशयाच्या पुराणकथेला सरसकट चूक मानू नये, असे सुचवले आहे. ते वाचताना आम्हांला त्या मुलीच्या देवांचा प्रश्न आठवला आणि मान खाली गेली. आमच्या चर्चच्या अंगणातील जुने जांभूळ वाहनतळासाठी तोडण्याच्या ठरावावर आमचीही सही होती.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर आम्ही ती सही मागे घेतली. काही बंधू रुसले, वाद अजून मिटलेला नाही. जांभूळ मात्र आज जिथल्या तिथे उभे आहे.