परगावचे ताट

परक्या गावी पोटाची सोय कोठे बरी होईल, हे दारावरची पाटी सांगत नाही. आत बसलेली माणसे सांगतात. पेडण्याहून वास्कोला गेलो की बंदरातील कामगार दुपारी कोणत्या दारात वळतात, ते मी पाहतो. मोजक्या पैशांत रोज जेवणारा मनुष्य शिळ्या हुमणाला दोनदा फसत नाही. मुरगाव बंदराशी रेल्वे आली, नाना प्रांतांचे लोक पोटासाठी येथे राहिले. त्यांच्यामुळेच अशा खाणावळी जगल्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताज्या सुरमईचा हट्ट धरणारा पाहुणा बहुधा बर्फातली मासळी खातो. जाणता मनुष्य सुक्या सुंगटांची किसमूर मागतो.

माझा थोरला मुलगा नोकरीनिमित्त तेथे एकटा राहतो. त्याने एक लहानशी खाणावळ धरली आहे. सोमवारी तो मासळी खात नाही, हे ओळखून मालकीणबाई न विचारताच आळसांद्यांचे तोणाक वाढतात. घरी येऊन हे सांगितले, तेव्हा त्याच्या आईने एवढेच विचारले, “सोलकढी पुन्हा मागितली तर देतात ना?”