ब्लॅकआऊट कुणाच्या ताब्यात?

रंगमंच व्यवस्थापनावर लेख मागताना संपादकांनी एकच अट घातली. "फार तांत्रिक नको, ताई. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या पोरांना उपयोगी पडेल असं लिहा." मागणी रास्त आहे. स्पर्धेची धामधूम आणि दिवाळी अंक साधारण एकाच सुमाराला येतात, आणि हौशी संघांमध्ये विंगेतली जबाबदारी बहुतेक वेळा ज्याला भूमिका मिळाली नाही त्याच्या गळ्यात पडते. त्या मुलासाठी किंवा मुलीसाठी मी यादी करायला घेतली. पण मुद्दा कुठलाही असो, लिहिता लिहिता मी ब्लॅकआऊटपाशीच येऊन थांबत होते. म्हणून बाकीचं आधी उरकते.

प्रॉपर्टीच्या टेबलावर पांढरा कागद चिकटवा आणि प्रत्येक वस्तू जिथे ठेवायची तिथे तिची बाह्यरेषा काढून नाव लिहा. पत्र, चष्मा, औषधाची बाटली यांतलं काय जागेवर नाही ते एका नजरेत कळतं. हे टेबल प्रयोगाआधी तपासा आणि मध्यंतरात पुन्हा तपासा, कारण पहिल्या अंकात आत आलेली वस्तू नटाच्या खिशातच राहते. संहितेची तुमची प्रत एका बाजूला छापलेली आणि समोरचं पान कोरं अशी बांधून घ्या. नोंदी पेन्सिलीनेच करा, कारण रंगीत तालमीपर्यंत अर्धे क्यू बदलतात. शाई वापरायचीच असेल तर लाल टाळा. विंगेतल्या लाल टॉर्चखाली लाल अक्षरं कागदावरून नाहीशी होतात. आणि तिसरी घंटा जाहीर वेळेला द्या. उशिरा येणाऱ्यासाठी वेळेवर आलेल्याला ताटकळत ठेवणं हा त्याचा अपमान आहे.

एवढं झालं की लोकांना वाटतं, या बाईचं काम संपलं. 'म्हणजे तुम्ही सामान लावता का?' हा प्रश्न मला शिकलेल्या, नाटकावर मनापासून प्रेम करणाऱ्या प्रेक्षकांनीही विचारलेला आहे. सेट लावणारे रंगमंच कामगार वेगळे, आणि त्यांचं कसब मला येत नाही. तारखा, पैसे, गाडी बघणारे व्यवस्थापक वेगळे. माझं काम तिसऱ्या घंटेला सुरू होतं. शुभारंभाचा प्रयोग झाला की दिग्दर्शक पुढच्या नाटकाकडे वळतो. त्याने बसवलेलं नाटक शंभराव्या प्रयोगालाही त्याच लयीत उभं राहावं, ही जबाबदारी विंगेतल्या माणसाची. ती मी अभिमानाने पार पाडते आणि तिला व्यवस्थापनापेक्षा मोठं काम मानते.

आता ब्लॅकआऊट.

गेल्या उन्हाळ्यातल्या दौऱ्यात एका जिल्ह्याच्या गावी प्रयोग होता. दुपारी तिथे सत्कार समारंभ होता, तो लांबला, आणि मंच आमच्या ताब्यात आला तेव्हा प्रयोगाला जेमतेम दीड तास उरला होता. मंचाची खोली आमच्या सेटला कमी पडत होती, त्यामुळे मागची लेव्हल, म्हणजे जिच्यावर घराचा वरचा भाग दाखवला होता तो लाकडी चौथरा, फूटभर पुढे घ्यावी लागली. खुणा नव्याने चिकटवल्या आणि नटांना एकदा चालवून घेतलं. दुसऱ्या प्रवेशाच्या शेवटी आमची नायिका लेव्हलवर उभी असते, दिवे जातात, ती दोन पायऱ्या उतरून डाव्या विंगेत येते. गेले कित्येक प्रयोग हे सुरळीत चाललं होतं. त्या रात्री धप्पकन आवाज आला. पायरीऐवजी तिचा पाय कडेवरून गेला होता. आमच्या मामांनी, म्हणजे कामगारांतल्या सगळ्यात अनुभवी माणसाने, तिला अंदाजाने खांद्याला धरून ओढत विंगेत आणलं, आणि ती आत येते न येते तोच मंच उजळला.

मध्यंतरात बर्फ लावला, क्रेप बँडेज बांधलं. दुसरा अंक तिने ओढणीत हात अडकवून पूर्ण केला. सकाळी एक्स-रे काढला तेव्हा मनगटाचं हाड तडकलेलं निघालं.

बर्फ लावत असताना ती मला म्हणाली, "ताई, आज अंधार लवकर झाला."

मी क्यू-पुस्तक पाहिलं. क्यू बरोबर त्याच वाक्यावर गेला होता. तरीही तिचं म्हणणं खरं होतं. का, ते कळायला थोडं तांत्रिक सांगावं लागेल, त्याला इलाज नाही.

जुन्या हॅलोजन दिव्यात टंगस्टनची तार तापून प्रकाश देते. वीज तोडली तरी ती तार एकदम थंड होत नाही. आधी नारिंगी, मग लालसर होत ती विझते. त्याला साधारण सेकंदभर जातो. प्रेक्षकाच्या हे ध्यानातही येत नाही. एलईडीत तापलेली तारच नसते, त्यामुळे वीज गेली की त्याच क्षणी प्रकाश संपतो. बरीच नाट्यगृहं आता एलईडीकडे वळत आहेत. वीज वाचते, उष्णता कमी होते, ते योग्यच आहे. त्या गावातलं नाट्यगृह नुकतंच बदललेलं होतं. आमची नायिका इतके प्रयोग विझत्या तारेच्या उजेडात पहिलं पाऊल टाकत होती, आणि ते तिला, दिग्दर्शकाला किंवा प्रकाशयोजनाकाराला कुणालाच माहीत नव्हतं. त्या पहिल्या पावलाला पायरीची कड दिसायची, पुढचं सवयीने व्हायचं. त्या रात्री कड दिसली नाही आणि सवय फूटभर चुकली.

यात डोळ्याचाही भाग आहे. उजेडातून काळोखात आलेला डोळा पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. विंगेत अर्धा तास उभ्या असलेल्या कामगाराला जे स्वच्छ दिसतं ते हजार वॉटच्या झोतातून नुकत्याच बाहेर आलेल्या नटाला अजिबात दिसत नाही. म्हणजे ब्लॅकआऊटमध्ये मंचावर सगळ्यात आंधळा माणूस नट असतो, आणि नेमकं त्यालाच आपण 'आता पटकन निघ' म्हणून सांगतो. सराईत कामगार ब्लॅकआऊटच्या आधी एक डोळा मिटून ठेवतात आणि दिवे गेले की तो उघडतात. नटाला अभिनय करताना ते शक्य नाही. अंधारात चमकणारी टेप मदत करते, पण तिला आधी प्रकाश प्यावा लागतो आणि पहिल्या काही मिनिटांतच तिची चमक झपाट्याने उतरते. लांबलेल्या मंद प्रवेशानंतर ती जेमतेम दिसते. म्हणून प्रत्येक ब्लॅकआऊटच्या थोडं आधी विंगेतल्या टेपवर टॉर्च मारायचा आणि लेव्हलच्या कडेवरच्या टेपवर प्रयोगाआधी व मध्यंतरात, हे काम कुणाच्या तरी नावावर लिहिलेलं असलंच पाहिजे.

इथे माझा आणि बहुतेक दिग्दर्शकांचा जुना वाद सुरू होतो. त्यांना मिट्ट काळोख हवा असतो. 'सामान हलताना दिसलं की भ्रम मोडतो,' हे त्यांचं कायमचं म्हणणं. मी म्हणते, अतिशय मंद निळा प्रकाश मंचाच्या मागच्या बाजूने राहू द्या. उजळ प्रवेशातून आलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्याला तो जवळजवळ काळाच दिसतो, कारण त्याचा डोळाही सरावलेला नसतो. कामगाराला मात्र तेवढ्यात कपाट, खुर्ची आणि माणूस वेगळे ओळखता येतात. हे मी तालमीत दिग्दर्शकांना प्रेक्षागृहात बसवून दाखवते. ते पाहतात, मान्य करतात, आणि शुभारंभाच्या आदल्या रात्री निळा दिवा काढून टाकायला सांगतात.

मिट्ट काळोखाचा हा हट्ट आपल्या रंगभूमीला जन्मापासून चिकटलेला नाही. संगीत नाटकांच्या काळात गॅसबत्त्यांच्या उजेडात रंगवलेले पडदे वर-खाली व्हायचे आणि स्थळ बदलायचं. 1933 साली 'आंधळ्यांची शाळा'ने तीन भिंतींची खरीखुरी वाटणारी खोली मंचावर आणली, तिथून जड सामान आलं आणि ते बदलण्याचा प्रश्नही आला. 1962 च्या 'तो मी नव्हेच'मध्ये प्रभाकर पणशीकर एकामागून एक वेगळी रूपं घेऊन उभे राहत. तिथे फिरत्या रंगमंचाने तो प्रश्न सोडवला. 1972 च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये माणसांच्या रांगेचाच पडदा झाला. दशावतारात तर प्रेक्षकांपासून काही लपवलंच जात नाही. हे सगळं बघून वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला एक खुर्ची हललेली दिसली म्हणून त्याचा रसभंग होईल, हे मला पटत नाही. त्याचा रसभंग मोबाइलने होतो.

निळ्या दिव्याहूनही ज्याच्यावर मी अडून बसते तो मुद्दा ब्लॅकआऊट संपवायचा कोणी हा. आमच्याकडे बहुधा असं असतं: संगीताचा तुकडा ठरलेल्या लांबीचा, तो संपला की प्रकाशाचा ऑपरेटर आपला दिवे आणतो. त्या रात्रीही तसंच झालं. ऑपरेटर प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला होता, त्याला धप्प ऐकू गेलं नाही, आणि माझ्याकडून त्याच्यापर्यंत पोहोचायला काहीच साधन नव्हतं. साधन मागितलं होतं. 'इतकी वर्षं त्याशिवाय चाललंय' हे उत्तर मिळालं होतं. मामांना दोन सेकंद उशीर झाला असता तर वेदनेने कळवळणारी मुलगी भर उजेडात प्रेक्षकांपुढे आली असती. त्याहून वाईट म्हणजे, तिच्या मागून दोघेजण कपाट उचलून त्याच वाटेने येत होते. संगीताला हे दिसत नाही. घड्याळालाही दिसत नाही. दोन्ही विंगांतून 'मोकळं' असा इशारा येईपर्यंत दिवे येता कामा नयेत, आणि तो इशारा ऐकून दिवे आणायला सांगणारा माणूस एकच असायला हवा.

हौशी संघांना हेडसेट परवडत नाहीत, मान्य. पण दोन वायरी, एक बटण आणि एक छोटा बल्ब एवढ्यात गावातला कुठलाही इलेक्ट्रिशियन क्यू-लाइट करून देतो. बटण विंगेत, बल्ब ऑपरेटरच्या टेबलावर. बल्ब लागला की तयार राहायचं, विझला की क्यू घ्यायचा. संगीताचा तुकडा ठरलेल्या वेळेपेक्षा पाच-सात सेकंद जास्त ठेवून घ्या आणि ऑपरेटरने तो हाताने खाली आणावा, म्हणजे गरज पडली तर काळोख थोडा लांबवता येतो. एलईडी असेल तर दिवे एकदम न तोडता दीड-दोन सेकंदांत उतरवा. आणि नटांना एक शिस्त लावा: ब्लॅकआऊटमध्ये पायऱ्या किंवा कड असेल तिथे खांद्यावर कामगाराचा हात पडल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. ज्याचा डोळा सरावलाय त्याने न सरावलेल्याला आणायचं. सुरुवातीला नटांना हे कमीपणाचं वाटतं. नंतर तेच त्या हाताची वाट पाहतात.

आणखी एका बाबतीत मी तडजोड करत नाही. प्रेक्षागृहातल्या दारांवरचे 'बाहेर' लिहिलेले दिवे काळा कागद लावून झाका, असं मला अनेकदा सांगितलं जातं, कारण त्यांनी 'आमचा काळोख खराब होतो.' 1903 साली शिकागोच्या इरोक्वा थिएटरमध्ये प्रयोग चालू असताना दिव्याच्या ठिणगीने पडदा पेटला आणि 600 हून अधिक माणसं गेली. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात 1997 साली 59 माणसं गेली, बहुतेक बाल्कनीत गुदमरून. 2024 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आपण सगळ्यांनी पाहिलं. आत प्रेक्षक असते तर काय झालं असतं, हा विचार मला अजून सोडत नाही. तो दिवा झाकायला मी कुणालाही देत नाही, मग दिग्दर्शक कितीही मोठा असो.

त्या रात्री प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी छापूनही आलं: हात मोडला तरी प्रयोग थांबला नाही, ही रंगभूमीची निष्ठा. तिच्या धैर्यापुढे मीही हात जोडते. पण त्या टाळ्यांचा मला त्रास झाला, अजून होतो. तिला दुसरा अंक करावा लागला कारण बदली कलाकार नव्हता, हाऊसफुल्ल तिकिटं परत करण्याची ऐपत नव्हती, आणि पुढच्या गावची तारीख ठरलेली होती. बॅकस्टेजच्या मंडळींची नाइट, म्हणजे प्रयोगागणिक मिळणारं मानधन, प्रयोग झाला तरच मिळते, हेही तिला ठाऊक होतं. हे ओझं एका तडकलेल्या मनगटाने उचललं आणि आम्ही त्याला परंपरा म्हणालो. प्रयोग थांबवण्याचा अधिकार विंगेतल्या माणसाला असावा का, यावर मी सहकाऱ्यांशी बरंच बोलले. अनुभवी माणसंसुद्धा 'असावा, पण वापरू नये' म्हणतात. मध्यंतरात तिच्या हाताला सूज चढताना पाहून मी काय करायला हवं होतं, याचं उत्तर मला आजही सरळ देता येत नाही.

दिवाळीनंतर दौरे पुन्हा सुरू होतील. आपल्या गावात प्रयोग लावणाऱ्या आयोजकांना माझी विनंती आहे. नाट्यगृह ठरवताना मंचाची रुंदी आणि खोली फुटांत मोजून कळवा, छापील पत्रकावरचा आकडा नको. दिवे हॅलोजन आहेत की एलईडी, ते विचारा. आणि त्याच दुपारी सत्काराला सभागृह देऊ नका. सेट लागल्यावर नटांना पूर्ण काळोखात, प्रत्येक ब्लॅकआऊटसाठी एकदा, पुन्हा चालता यायला हवं. त्यासाठी आम्हाला किमान तीन तास मंच मोकळा लागतो. भाड्याच्या वाटाघाटीत हे तीन तास सगळ्यात आधी कापले जातात. ते करारात लिहून घ्या.