हरणांसाठी चवळी

शिकारी कॅम्प म्हटलं की डोळ्यांपुढे बंदुका येतात. दक्षिण अलाबामाच्या पाइनच्या रानात सप्टेंबरच्या अखेरीस गेलात, तर आधी दिसतात ती चुन्याची पोती. पाइनखालची माती आम्लधर्मी. तिचे नमुने ऑबर्न विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून तपासून आलेले असतात आणि एकरी किती चुना टाकायचा ते त्या कागदावर लिहिलेलं असतं. मग ट्रॅक्टर फिरतो, ढेकळं फुटतात, पेरणी होते. ओट, गहू आणि लाल तुऱ्याचं क्लोव्हर. क्लोव्हरच्या बियाला पेरण्याआधी जिवाणू खत चोळतात. आपल्याकडे हरभऱ्याला, तुरीला रायझोबियम चोळतात, तेच हे. बादलीत बी, त्यावर काळी भुकटी, पाण्याचा हबका, आणि हात घालून खालीवर करायचं. मनगटापर्यंत काळा झालेला हात तिथे कुणी लगेच धूत नाही, तसाच कॉफीच्या पेल्याला लागतो.

एवढं करून हे पीक कुणी कापणार नसतं. ते हरणांसाठी असतं. पुस्तकी नाव ‘फूड प्लॉट’, कॅम्पातली माणसं म्हणतात ‘ग्रीन फील्ड’. उन्हाळ्यात तिथेच हरणांना चवळी पेरतात. ज्याच्या आजोळी भुईमुगाच्या शेतात माळ्यावर बसून रात्रभर डबे बडवले जायचे, त्याला जनावरासाठी मुद्दाम चवळी पेरायची ही कल्पना पचायला वेळ लागतो. प्लॉटच्या मधोमध जाळीचा एक छोटा गोल पिंजरा ठोकलेला असतो. आत जनावराचं तोंड जात नाही. डिसेंबरात बघावं तर पिंजऱ्यातला ओट गुडघ्याला लागतो आणि बाहेरचा घोट्याच्याही खाली कुरतडलेला. पाहुण्यांनी किती खाल्लं, याचा इतका सरळ हिशेब मी दुसरीकडे पाहिला नाही.

जमीन बहुधा कॅम्पवाल्यांची नसते. लाकूड कंपनीचं पाइनचं रान वार्षिक भाड्याने घेतलेलं असतं, सभासद वर्गणी काढून भाडं भरतात. पत्र्याची शेड, एकीवर एक लाकडी बाजा, कुणाच्या तरी घरातून निवृत्त झालेला फ्रीज. वयस्कर माणसाशी बोलताना चाळिशीतला गडीही ‘येस सर’ म्हणतो. पहाटे चारला मक्याच्या कण्यांची पेज, म्हणजे ग्रिट्स, आणि बिस्किटं. ही बिस्किटं म्हणजे गरम, फुललेले पाव. चहात बुडवायच्या अपेक्षेने कुणी जाऊ नये. रात्री गप्पा कशाच्या, तर पावसाच्या, डिझेलच्या आणि दुखऱ्या गुडघ्यांच्या. ज्याचा हरणावरचा नेम चुकला त्याच्या शर्टाचा मागचा पदर कापून, त्यावर नाव आणि तारीख घालून भिंतीला ठोकायचा, अशी जुनी रीत आहे. त्याच भिंतीवर शिंगंही असतात. मला चिंध्या जास्त आवडल्या. शिंगांवरून हरणाची माहिती कळते, चिंध्यांवरून माणसांची.

आणि मग एके सकाळी प्लॉटवर जावं तर अर्धा प्लॉट उलथलेला. कोवळा ओट मुळं वर करून पडलेला, मातीत कोपरभर खड्डे, ओढ्याकाठी चिखलाची लोळण. शेजारच्या पाइनच्या बुंध्याला मांडीच्या उंचीवर ओल्या चिखलाचा पट्टा आणि त्यात अडकलेले राठ, टोकाला दुभंगलेले केस. विजेच्या खांबाला लाकूड टिकण्यासाठी लावलेलं क्रिओसोट तर डुकरांना भारी आवडतं, खांब घासून घासून गुळगुळीत करतात. डुकरं आली की कॅम्पातली भाषा बदलते. हरणाबद्दल माणसं आदराने बोलतात, डुकराबद्दल दात खाऊन.

खरं तर डुक्कर तिथे आपल्या पायांनी आलेलं नाही. 1539 साली एर्नांदो दे सोतो फ्लोरिडात उतरला तेव्हा त्याने फौजेच्या शिदोरीसाठी डुकरं आणली. तेरा माद्यांपासून सुरू झालेला तो कळप 1542 मध्ये तो मेला तेव्हा सातशेवर गेला होता, असं त्याच्याबरोबरच्या एका पोर्तुगीज गृहस्थाने लिहून ठेवलं आहे. पुढे शेतकऱ्यांची डुकरं मोकळी चरत राहिली. 1912 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या हूपर बाल्ड डोंगरावर हौशी शिकारीसाठी युरोपातली रानडुकरं सोडली गेली आणि कुंपण फोडून बाहेर पडली. अलीकडची गोष्ट याहून वाईट. आपापल्या तालुक्यात डुकराची शिकार हवी म्हणून लोकांनी रात्री गाड्यांत भरून ती आणली आणि सोडली. आज अमेरिकेत ती 60 लाखांच्या आसपास आहेत, पस्तीसेक राज्यांत. आपल्या ऊस आणि भुईमुगात मुसंडी मारणारं रानडुक्कर याच जातीचं. फरक असा, की आपल्याकडे ते मूळचं रहिवासी आहे आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या आत येतं. अलाबामात खाजगी जमिनीवर त्याला ना हंगाम, ना मर्यादा.

तरीही गोळी घालणं हा डुकरांवरचा सगळ्यात कुचकामी उपाय आहे. एक पडतं, बाकीची पांगतात, शहाणी होतात, शेजारच्या रानात नवा संसार मांडतात. दरवर्षी दोन तृतीयांशांच्या आसपास डुकरं काढली तरच संख्या जागच्या जागी राहते, असं अभ्यासक सांगतात. बंदुकीने तेवढं होत नाही. म्हणून मिसूरीने 2016 मध्ये आपल्या वनजमिनींवर डुकरांची शिकारच बंद केली. टेक्सासात 2011 पासून पैसे भरून हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालता येतात. तो तमाशा आहे, याहून चांगला शब्द मला सुचत नाही.

काम होतं ते सापळ्याने, आणि सापळ्याला लागतो धीर. जाळीचे मजबूत पत्रे गोलाकार उभे करायचे. कोपरा ठेवायचा नाही, कोपऱ्यात डुकरं एकमेकांवर चढून पलीकडे उडी मारतात. दार उघडंच ठेवून आत आंबवलेला मका टाकायचा. पहिल्या रात्री पिल्लं आत जातात, मादी बाहेर उभी राहून बघते. कॅमेरा मोबाईलवर फोटो पाठवत राहतो. आत सात डुकरं आहेत, दोन बाहेर आहेत, आणि बटण हातात आहे. इथेच माणसाची परीक्षा. दार पाडलं तर बाहेरच्या दोन माद्या जन्मात सापळ्याजवळ येत नाहीत आणि वर्षभरात कळप पुन्हा उभा करतात. कॅम्पचे म्हातारे कारभारी फोन उशाला पालथा ठेवून झोपत. मोजणी पूर्ण झाल्याशिवाय त्यांनी बटणाला हात लावलेला मी पाहिला नाही.

दार पडल्यावर सकाळी जे होतं ते बघवत नाही. जाळीवर आदळणारी डुकरं, मग लहान बोअरच्या रायफलचे एकेक आवाज. मी गाडीपाशी थांबत असे, आणि त्याबद्दल मला कुणी काही बोललं नाही. काही माद्यांचं मटण घरी जातं. सोलताना हातमोजे, कारण ब्रुसेलोसिसची भीती खरी आहे, आणि शिजवायचं ते पूर्ण. थोराड नराला बहुधा उग्र वास येतो, त्याच्या वाट्याला कुणी जात नाही.

त्या दिवशी दुपारी उलथलेल्या प्लॉटवर पुन्हा कुळव फिरला आणि पुन्हा ओट पडला. बंदुकीच्या शिकारीचा हंगाम नोव्हेंबरच्या उत्तरार्धात उघडतो, तेव्हा रोपं वर आलेली हवीत.

तुमचं कुणी त्या भागात राहत असेल आणि कॅम्पचं बोलावणं आलं, तर नोव्हेंबरात जाऊ नका. तेव्हा सगळे मचाणावर गप्प बसलेले असतात. सप्टेंबरात जा. बंदूक लागत नाही, चुन्याची पोती उचलायला माणूस नेहमीच कमी पडतो.