बिनपायऱ्यांची घरं

मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे कुठल्याही घरातला शब्द मला आधी खुणावतो. न्यूयॉर्कच्या ब्राउनस्टोन घरांपुढे रस्त्यावरून वर चढणाऱ्या पायऱ्या असतात, त्यांना ‘स्टूप’ म्हणतात. शब्द मूळचा डच. उर्दूतली दहलीज किंवा मराठीतला उंबरठा याहून तो आपल्या ओट्याच्या जवळचा, कारण तिथे बसता येतं.

एकोणिसाव्या शतकातली ही घरं मुळात विटांची. दर्शनी बाजूला तेवढा काही इंचांचा तपकिरी वालुकाश्म. त्याचे थर बऱ्याचदा उभे लावलेले, म्हणून पाणी मुरलं की पापुद्रे सुटतात.

विसाव्या शतकात एका कुटुंबाच्या घरात अनेक भाडेकरू आले. तेव्हा कित्येक स्टूप तोडले गेले आणि दार खाली आलं. १९६५ च्या वारसा कायद्यानंतर संरक्षित भागांत दर्शनी बदलाला परवानगी लागते. काही मालक पायऱ्या पुन्हा बांधतात, घर पुन्हा एकाच कुटुंबाचं करतात. भाडेकरूंना मात्र जावं लागतं.

हार्लेममधलं १८६९ चं एक घर १९८१ मध्ये शहराचा वारसा ठरलं, कारण कवी लँग्स्टन ह्यूज तिथे राहत होते. म्हणजे राहणाऱ्यांमुळेही घराला मोल येतं. मग दगडाइतकीच त्यांचीही काळजी घ्यायला नको का?